मी पाठवलं, मला मिळालं नाही

'पार्सल मिळूनही मिळालं नाही म्हणतात. इतर विक्रेत्यांनी सावध राहावं.'

ही दोन वाक्यं माझी आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, रात्री साडेअकराच्या सुमारास, रागाच्या भरात फोनवर लिहिलेली. तेव्हा मी जुन्या सिनेमांच्या गाण्यांच्या पुस्तिका विकायचे. एकेकाळी थिएटरबाहेर आण्या-दोन आण्याला मिळणाऱ्या या चार-आठ पानी पुस्तिका पुण्याच्या जुन्या बाजारात, रद्दीवाल्यांकडे अजून सापडतात, आणि त्यांच्यासाठी जीव टाकणारे लोक देशभर आहेत. असे लोक जमतात त्या एका साइटवर माझं छोटंसं दुकान होतं. तिथे खरेदीदार जसा विक्रेत्याला शेरा देतो, तसा विक्रेताही खरेदीदाराला देऊ शकतो. इंदूरच्या एका गृहस्थांनी माझ्याकडून सहाशे रुपयांच्या तीन पुस्तिका घेतल्या. मी त्या पुठ्ठ्यात घालून रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. आठव्या दिवशी ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' आलं. विसाव्या दिवशी त्यांनी साइटकडे नोंदवलं, की पार्सल मिळालं नाही. साइटने त्यांना पैसे परत दिले, म्हणजे माझ्याकडून घेऊन दिले. मग मी वरची दोन वाक्यं लिहिली.

आज ती मला परीक्षण करायला घेतलेल्या मजकुरासारखी वाचायची आहेत. कारण आपल्या पिढीतले कथा-कविता लिहिणारे थोडे, पण रिव्ह्यू न लिहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. बिर्याणीवर, रिक्षावर, दवाखान्यावर, ट्रिमरवर आपण अखंड शेरे लिहितो आहोत. इतकं गद्य रोज लिहिलं जातं आणि त्याची समीक्षा मात्र कुणी करत नाही. त्यातही एक उपप्रकार फारसा कुणाच्या नजरेत येत नाही. दुकानदाराने गिऱ्हाइकाबद्दल लिहिलेला शेरा.

तर, 'मिळूनही'. माझ्या वाक्यातला सगळा निकाल या एका शब्दात लागलेला आहे. पार्सल त्यांच्या हातात पडताना मी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे होती पोस्टाच्या काउंटरवरची पावती आणि संगणकावरचा एक इंग्रजी शब्द. त्या एका शब्दावर मी 'मिळूनही' हे विधान उभं केलं. पुढचं 'म्हणतात' तर आणखी वाईट. मराठीत हे आदरार्थी बहुवचन फार सोयीचं आहे. समोरच्याला मान दिल्यासारखं दिसतं आणि 'खोटं बोलतात' हेही सांगून होतं, शिवाय खोटं हा शब्द उच्चारल्याचं पाप लागत नाही. आणि शेवटी 'इतर विक्रेत्यांनी'. म्हणजे मी हे त्यांना उद्देशून लिहिलेलंच नाही. त्यांची तक्रार माझ्यापुरती होती. मी मात्र बाजारात दवंडी पिटली.

आता हा सगळा व्यवहार ज्या दोन मूळ वाक्यांवर उभा आहे, ती पाहा. मी म्हणत होते, 'मी पाठवलं.' ते म्हणत होते, 'मला मिळालं नाही.' मराठीत या दोन वाक्यांची घडणच वेगळी आहे. पाठवण्याला कर्ता लागतो. मी पाठवलं, म्हणजे मी पुठ्ठा कापला, पत्ता लिहिला, रांगेत उभी राहिले. मिळण्याला तसा कर्ता नाही. 'मला मिळालं नाही' या वाक्यात करणारं कुणीच नाही. त्यात आरोप नाही, आरोपीही नाही. आणि या दोहोंच्या मधे एक तिसरं क्रियापद आहे, पोचणं. त्याचा कर्ता ना मी, ना ते. त्याचा कर्ता आहे पार्सल. पाठवणं काउंटरवर संपतं, मिळणं हातात होतं, आणि पोचणं या दोघांच्या नजरेआड कुठेतरी घडतं किंवा घडत नाही. म्हणूनच आपल्याकडे 'पोच' हा शब्द कागदाच्या एका तुकड्यासाठीही आहे. रजिस्टर पोस्टाची पोच परत येईपर्यंत जुनी माणसं अस्वस्थ असायची. (एखाद्याला पोच नाही असंही आपण म्हणतो. तो अर्थ इथे माझ्या बाबतीत घ्यायला हरकत नाही.)

थोडक्यात, 'मी पाठवलं' आणि 'मला मिळालं नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. मी मात्र ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं धरून चालले. मी खरी, म्हणून ते खोटे.

न मिळण्याचा पुरावा देता येत नाही, ही यातली पहिली अडचण. पाठवण्याची पावती असते. न मिळण्याची पावती कुठलं पोस्ट देणार? रिकाम्या उंबऱ्याचा फोटो काढून पाठवावा तर तो कुठल्याही दिवशीचा रिकामा उंबरा असू शकतो. त्यामुळे या वादात एका बाजूकडे कागद असतो आणि दुसऱ्या बाजूकडे फक्त शब्द. अशा वेळी कागदवाल्याने शब्दवाल्याच्या चारित्र्यावर शेरा मारणं हे दिसायला जितकं सरळ आहे तितकं ते नाही.

कायद्यालाही हा प्रश्न जुना आहे. भारताच्या १९३० च्या माल विक्री कायद्याचं ३९ वं कलम सांगतं, की ग्राहकाकडे पाठवण्यासाठी विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या हवाली केला, की प्रथमदर्शनी तो ग्राहकालाच दिला असं धरायचं. म्हणजे पाठवलं की मिळालं. हा कायदा आला तेव्हा माल म्हणजे गठ्ठे आणि पोती, आणि वाहतूकदार म्हणजे मुख्यतः रेल्वे किंवा जहाज; घेणारा-देणारा दोघेही व्यापारी. ब्रिटनने २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात, २९ व्या कलमात, नेमकं उलट लिहिलं. वस्तू ग्राहकाच्या ताब्यात जाईपर्यंत जोखीम विक्रेत्याची. पाठवलं म्हणजे मिळालं नव्हे. मिळालं म्हणजेच मिळालं. मला हे दुसरं जास्त पटतं, आणि त्याचं कारण दया नाही. पार्सल कुणाकडून पाठवायचं, विमा उतरवायचा की नाही, सही घ्यायला सांगायची की नाही, हे सगळं विक्रेता ठरवतो. ज्याच्या हातात निवड आहे त्याच्याकडे जोखीम असावी. माझ्या सहाशे रुपयांचा विमा मी उतरवला नव्हता. पंचवीस-तीस रुपये वाचवले होते.

बहुतेक ऑनलाइन बाजार आज व्यवहारात या दुसऱ्या बाजूने झुकले आहेत. ग्राहकाने मिळालं नाही म्हटलं आणि विक्रेत्याला पोच दाखवता आली नाही, की रिफंड. कधीकधी पोच दाखवूनही रिफंड. पैशांचा प्रश्न असा सुटतो. पण शब्दांचा सुटत नाही. पैसे गेलेल्या विक्रेत्याकडे उरतो तो शेराच.

हे शेरे आले कुठून, ते सांगायला हवं. अमेरिकेत १९९५ साली पिएर ओमिदयार या प्रोग्रामरने ऑक्शनवेब नावाची लिलावाची साइट सुरू केली, जी पुढे ईबे झाली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर, ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायचे आणि तो वस्तू पाठवील यावर विश्वास ठेवायचा, असा हा मामला. भांडणं ओमिदयारच्या मेलबॉक्समध्ये येऊन पडू लागली. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने सगळ्यांसाठी एक पत्र साइटवर लावलं. त्याचा आशय असा, की बहुतेक माणसं प्रामाणिक असतात, काही नसतात. तेव्हा ज्याने चांगलं वागवलं त्याचं उघडपणे कौतुक करा आणि ज्याने फसवलं त्याची उघडपणे तक्रार करा. त्यातून फीडबॅक जन्मला. अधिक एक, शून्य, उणे एक. सोबत शेरा, आणि त्याला बरीच वर्षं ८० अक्षरांची मर्यादा.

८० अक्षरं हे मला महत्त्वाचं वाटतं. तेवढ्या जागेत 'पार्सल मी अमुक तारखेला पाठवलं, ट्रॅकिंग असं दाखवतं, ते मिळालं नाही म्हणतात, नेमकं काय झालं मला माहीत नाही' हे मावत नाही. 'चोर. सावधान.' एवढंच मावतं. शंकेला शब्द जास्त लागतात, निकालाला कमी. आणि बसायला खुर्च्या दोनच, खरेदीदार आणि विक्रेता. पोस्टमनला, कुरियरला, गोदामाला, पावसाला उणे एक देण्याची सोय नाही. मग मधल्या वाटेत जे काही हरवेल त्याचं खापर या दोघांपैकी कुणाच्या तरी माथ्यावर फुटणारच.

आणखी एक गोष्ट झाली. शेरा दोन्ही बाजूंनी असल्यामुळे आधी कोण बोलतो याला फार किंमत आली. खरेदीदाराने पैसे भरले की त्याचं काम झालं. न्यायाने विक्रेत्याने तिथेच त्याला चांगला शेरा द्यायला हवा. पण अनेक विक्रेते थांबून राहत. तुम्ही आधी आम्हाला चांगलं म्हणा, मग आम्ही तुम्हाला. तुम्ही तक्रार केलीत तर तुमच्या खात्यावरही लाल ठिपका. पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर या दोन अभ्यासकांनी १९९९ मधल्या ईबेच्या व्यवहारांची पाहणी केली. खरेदीदार ढोबळमानाने निम्म्याच व्यवहारांत शेरा देत होते, आणि त्यांतले वाईट शेरे १ टक्क्याहूनही कमी होते. जगातला कुठला बाजार इतका गोड असतो? मंडईत तासभर उभं राहून बघा. पुढे गॅरी बोल्टन, बेन ग्राइनर आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही गाठ उलगडून दाखवली. लोक परतफेडीला घाबरून गप्प बसत होते, आणि त्यामुळे शेऱ्यांतून मिळणारी माहितीच खोटी होत होती.

इथे मला एक भेद करावासा वाटतो, जो या चर्चेत सहसा निसटतो. 'मिळालं नाही' ही तक्रार म्हणजे शेरा नव्हे. ते दाद मागणं आहे. 'विक्रेता लबाड आहे' असं लिहिणाऱ्याला विक्रेत्याने उत्तर दिलं तर ते मत विरुद्ध मत झालं, ठीक आहे. पण जो फक्त म्हणतोय की वस्तू माझ्या हातात पडली नाही, त्याला शेऱ्याने मारणं म्हणजे दाद मागण्यालाच शिक्षा. ती बघून पुढचे दहा जण काय करतील? दोनशे रुपये गेले तर गेले, कटकट नको, असं म्हणून गप्प बसतील. इंदूरच्या गृहस्थांनी मला एकही वाईट शब्द लिहिला नव्हता. त्यांनी माझ्या दुकानाला शेराही दिला नव्हता. हे मला तेव्हा दिसलंच नाही.

मे २००८ मध्ये ईबेने घाव घातला. विक्रेत्यांना खरेदीदाराबद्दल वाईट किंवा मध्यम शेरा देण्याची सोयच काढून टाकली. द्यायचा तर चांगला द्या, नाहीतर गप्प बसा. जानेवारीत घोषणा झाली तेव्हा विक्रेते खवळले. फेब्रुवारीत अनेकांनी आठवडाभर विक्री बंद ठेवली, त्यात वाढलेल्या शुल्काचाही राग होता. काही जण हिरव्या शेऱ्याखाली शिव्या लिहू लागले, म्हणून तेही नियमाने बंद करावं लागलं. आता तिथे विक्रेते खरेदीदारांबद्दल जे लिहितात ते लग्नपत्रिकेच्या मजकुरासारखं असतं. उत्तम ग्राहक, त्वरित पैसे, पुन्हा यावे. बऱ्याचदा ते आपोआपच चिकटवलं जातं. वाङ्मयप्रकार म्हणून तो तिथे मेला.

मला हा उपाय अर्धाच पटतो. उघड सूड थांबला हे खरं. पण विक्रेत्याचं मत नाहीसं झालं नाही, फक्त आत गेलं. ब्लॉक यादी आहे, खरेदीदाराविरुद्ध साइटकडे अहवाल देण्याची सोय आहे. पूर्वी माझ्याबद्दल कुणी काय लिहिलं ते मला दिसत होतं आणि खाली उत्तर देता येत होतं. आता दिसतच नाही.

योगायोग असा, की त्याच मे २००८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल दिला. सीमा सडक सेवेतल्या एका अभियंत्याची बढती हुकली होती, कारण एका वर्षाच्या गोपनीय अहवालात त्याला 'चांगला' असा शेरा होता आणि बढतीला 'फार चांगला' लागत होता. तो शेरा त्याला कधी सांगितलाच नव्हता. न्यायालय म्हणालं, की फक्त वाईटच नव्हे, प्रत्येक शेरा त्या माणसाला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध बोलता येईल. ज्यांच्या घरात सरकारी नोकरी होती त्यांना 'सीआर' या दोन अक्षरांची दहशत ठाऊक असेल. साहेब काय लिहील, या धास्तीने माणसं अर्धं आयुष्य काढत. त्या न्यायाने पाहिलं तर खोटा पण उघड शेरा हा खऱ्या पण गुप्त शेऱ्यापेक्षा बरा म्हणावा लागतो. निदान त्याच्याशी भांडता येतं.

हे सगळं अमेरिकेतलं आणि जुनं वाटत असेल तर आपल्या फोनकडे वळू. आपल्याकडच्या मोठ्या शॉपिंग अॅपवर विक्रेता तुम्हाला तारे देताना दिसत नाही. म्हणून तुमच्यावर शेरा नाही असं समजू नका. 'या पत्त्यावर कॅश ऑन डिलिव्हरी उपलब्ध नाही' असं अचानक कधी दिसलं असेल, तर तोही शेराच. लहान विक्रेत्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे परत आलेली पार्सलं, त्यांच्या भाषेत आरटीओ. दोन्ही बाजूंचं भाडं अंगावर पडतं. म्हणून कोणती ऑर्डर परत येईल याचा अंदाज देणारी सॉफ्टवेअर आता विक्रेत्यांना विकली जातात. त्यात फोन नंबर, पत्ता, आधीच्या ऑर्डरी आणि पिनकोड यांवरून तुमची जोखीम ठरते. ते गणित ग्राहकाला दाखवलं जात नाही. बँकेच्या कर्जाच्या बाबतीत निदान आपला क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मागता येतो आणि त्यातली चूक दुरुस्त करून मागता येते. पार्सल न मिळाल्याचा शेरा कुणाकडे मागायचा?

आणि पिनकोड म्हणजे काय, याचा जरा विचार करा. ज्या वस्तीत घरांना नंबर नाहीत, जिथे पत्ता म्हणजे 'मारुतीच्या देवळामागे, किराणा दुकानाच्या वर', जिथे वसतिगृहाच्या दारात शंभर पार्सलं एकाच टेबलावर पडलेली असतात, तिथे वस्तू हरवणारच. डिलिव्हरीवाल्या पोरावर दिवसाच्या पार्सलांचं ओझं इतकं असतं, की दार न वाजवताच तो 'ग्राहक उपलब्ध नाही' असं नोंदवून पुढे जातो. त्याला तरी काय बोलणार. पण त्या नोंदीचा हिशेब शेवटी त्या गल्लीत राहणाऱ्या माणसाच्या खात्यावर चढतो. त्याचं चारित्र्य म्हणजे त्याची गल्ली. सोसायटी, वॉचमन आणि नावाची पाटी असलेला माणूस आपोआप प्रामाणिक ठरतो.

विक्रेत्याची बाजू मी हलकी करत नाहीये. मी तिथे उभी होते. मिळालेली वस्तू ठेवून घेऊन मिळाली नाही म्हणणारे लोक असतातच, आणि त्यांना बरोब्बर माहीत असतं की साइट कुणाच्या बाजूने निकाल देईल. घरून पैठणीचे ब्लाउज शिवून पाठवणाऱ्या बाईंचं एक पार्सल असं गेलं, की तिची चार ऑर्डरींची कमाई गेली. आपल्याकडे व्ही.पी. होती तेव्हा हीच दुखणी होती. पुस्तक मागवायचं आणि पोस्टमन दारात आला की पैसे नाहीत म्हणून परत धाडायचं. टपालखर्च प्रकाशकाच्या बोकांडी. फरक एवढाच, की व्ही.पी.त निदान पुस्तक परत तरी यायचं.

मग विक्रेत्याने बोलायचंच नाही? बोलावं, पण माहीत असेल तेवढंच. एका व्यवहारात 'मिळालं नाही' असं एकदा म्हटलं गेलं, यावरून त्या माणसाबद्दल काहीच कळत नाही. तोच माणूस दहा खरेद्यांत पाच वेळा तेच म्हणत असेल, आणि त्याच इमारतीतल्या इतरांना मात्र सगळं नीट मिळत असेल, तर कळतं. पण हा नमुना एकट्या विक्रेत्याला दिसूच शकत नाही. त्याच्यासमोर एकच पार्सल असतं. नमुना फक्त साइटला दिसतो. म्हणून विक्रेत्याने नोंद करावी ती घटनेची: अमुक तारखेला पाठवलं, अमुक ट्रॅकिंग, ग्राहकाने न मिळाल्याचं कळवलं, पैसे परत गेले. विशेषण नको. ती नोंद ग्राहकाला दिसावी, त्याला खाली आपलं म्हणणं लिहिता यावं, आणि अशा नोंदी एखाद्या कुरियरच्या एखाद्या मार्गावर साचत असतील तर त्या कुरियरच्या खात्यावर जाव्यात. तिसरी खुर्ची मांडणं अवघड नाही. फक्त त्या खुर्चीवर बसणाऱ्याशी साइटचा करार असतो, म्हणून ती मांडली जात नाही.

२०१४ साली एअरबीएनबीने एक बरी युक्ती केली. पाहुणा आणि यजमान दोघांचेही शेरे लिहून होईपर्यंत, किंवा चौदा दिवस उलटेपर्यंत, कुणालाच कुणाचा शेरा दिसत नाही. त्यामुळे 'तू मला, मी तुला' हा खेळ बराच बंद होतो. पण ती युक्ती घरासाठी ठीक आहे, कारण पाहुणा घरात राहिला की नाही याबद्दल दोघांत वाद नसतो. पार्सलाच्या बाबतीत वाद नेमका तिथेच आहे. दोन बंद पाकिटं एकदम फोडली तरी आत 'मी पाठवलं' आणि 'मला मिळालं नाही' हीच दोन वाक्यं निघणार.

माझ्या पार्सलाचं काय झालं ते सांगते. जानेवारी २०२० मध्ये, संक्रांतीनंतर, इंदूरहून मेसेज आला. 'ताई, पुस्तिका मिळाल्या. शेजारच्या विंगमध्ये आमच्याच आडनावाच्या एक बाई राहतात. पोस्टमनने त्यांच्याकडे दिल्या होत्या. त्या मुलाकडे बंगळुरूला गेल्या होत्या, परवा आल्या. आपले पैसे कसे पाठवू?' पाठोपाठ पहिल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा फोटो. तासाभरात सहाशे रुपये जमा झाले. ट्रॅकिंग खरं होतं. सही खरी होती. आडनावसुद्धा बरोबर होतं.

मी शेरा काढायला गेले, तर साइटचा नियम असा, की ६० दिवसांनंतर शेरा बदलता येत नाही. मदत विभागाला लिहिलं. त्यांचं उत्तर नम्र होतं आणि त्यात नियमच पुन्हा लिहिलेला होता. खाली पुरवणी तेवढी जोडता येईल म्हणाले. मी चार ओळींची पुरवणी जोडली, चूक माझी होती असं स्वच्छ लिहिलं. फोनवर ती दिसायला 'आणखी वाचा'वर बोट ठेवावं लागतं. लाल ठिपका मात्र आधीच दिसतो. त्यांच्या एकूण १९ व्यवहारांत १८ हिरवे आणि एक माझा.

त्यानंतर काकांनी माझ्याकडून आणखी दोनदा पुस्तिका घेतल्या. पत्त्यात विंगचं अक्षर ते आता कंसात आणि दोनदा लिहितात. गेल्या वर्षी फोनवर बोलताना हसत हसत म्हणाले, की कोलकात्याच्या एका विक्रेत्याने त्यांची ऑर्डर रद्द केली, कारण विचारलं तर माझा शेरा पुढे केला. कोणती पुस्तिका होती, मी विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. मी तेव्हापासून दर रविवारी जुन्या बाजारात ती शोधतेय, अजून सापडलेली नाही.